फुकटच्या मेल आणि डॉक्समधल्या नव्या सोयी : तुम्ही खरोखर कोणत्या वापरता?

वाचनकट्टा

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावात 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी त्याच्या कार्यकारिणीवर आहे. पुस्तकविक्रेते, सभासद, जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालय, व्याख्यानमालेचे वक्ते, सगळ्यांशी पत्रव्यवहार एकाच फुकटच्या जीमेल खात्यावरून चालतो. जमाखर्च गूगल शीट्समध्ये, सभांची इतिवृत्तं डॉक्समध्ये. पैसे भरून सेवा घ्यावी एवढी ऐपत नाही आणि त्यासाठी वर्गणी वाढवायची इच्छाही नाही.

हल्ली ते खातं उघडलं की दर थोड्या दिवसांनी काहीतरी नवीन दिसतं. पत्र लिहून देणारं बटण, लांबलचक पत्राच्या डोक्यावर सारांश, शीट्समध्ये तयार टेबलं, डॉक्समध्ये डाव्या हाताला टॅब. माझं मत असं, की ज्या सोयींचा गाजावाजा होतो त्या इंग्रजीत एकट्याने काम करणाऱ्या माणसासाठी आहेत. पाचसात जणांनी मिळून, मराठीत, जुन्या कागदांसकट चालवायच्या कामाला ज्या सोयी लागतात त्या वेगळ्या. त्या आहेतही, पण त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून विचारतो : तुम्ही रोजच्या कामात खरोखर काय वापरता? आमच्या तातडीच्या गरजा सांगून ठेवतो. जागा संपत आली आहे. पासवर्ड चौघांकडे आहे, ते मनाला पटत नाही. आणि कथास्पर्धेची हस्तलिखितं लोक मोबाइलवर फोटो काढून पाठवतात, ती टाइप कोण करणार हा दरवर्षीचा प्रश्न.

खटपट्या

चांगला धागा. जागेपासून सुरुवात करू.

फुकट खात्याची १५ जीबी जागा ही मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची मिळून आहे. २०१३ पासून तसंच आहे. खरा फरक १ जून २०२१ ला पडला. त्याआधी कमी दर्जात चढवलेले फोटो मोजणीत धरत नसत, त्या तारखेनंतरचे धरतात. नवीन डॉक्स आणि शीट्सही तेव्हापासून मोजतात, अर्थात त्यांचं वजन नगण्य. म्हणजे २०२१ च्या आधी वर्षानुवर्षं न भरलेलं खातं आता झपाट्याने का भरतंय, याचं उत्तर बहुतेक वेळा फोटोंमध्ये असतं.

मेलमधली अडगळ शोधायला शोधपट्टीच्या उजव्या टोकाला आडव्या रेघांचं चिन्ह असतं, ते दाबा. त्यात आकार 'यापेक्षा मोठा' १० एमबी टाका आणि शोधा. व्याख्यानमालेचे बॅनर, छापखान्याला पाठवलेल्या पीडीएफ, एकच अहवाल पाच वेळा गेलेला, सगळं एका यादीत येतं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की तुम्ही पाठवलेली पत्रंसुद्धा जागा खातात. आलेली पत्रं साफ करून लोक थांबतात आणि 'पाठवलेले' तसंच राहतं. पुसल्यावर कचरापेटीही रिकामी करा, नाहीतर ३० दिवस ती पत्रं तिथेच बसून राहतात.

ज्या फायली ठेवायच्याच आहेत त्या आधी वाचनालयाच्या संगणकावर उतरवून घ्या, मग पुसा.

मधुमालती

+१. आमच्या भिशीच्या ग्रुपच्या खात्यात निम्मी जागा 'शुभ सकाळ'च्या चित्रांनी खाल्ली होती :)

पाणवठा

पासवर्ड चौघांकडे म्हणजे गावात सगळ्यांकडे. फलकावर लिहून टाका, निदान सभासदांची सोय होईल :ड

जुना_जाणता

थोडा इतिहास, कारण 'फुकट' म्हणजे काय हे त्याशिवाय कळत नाही.

१ एप्रिल २००४ ला जीमेल जाहीर झालं तेव्हा १ जीबी जागा देणार हे लोकांना एप्रिल फूल वाटलं होतं. त्या काळी हॉटमेल २ एमबी आणि याहू ४ एमबी देत असे. लग्नाचे दोनचार फोटो आले की पुढची पत्रं परत जायची. आमच्या सायबर कॅफेत लोक आधी जुनी पत्रं पुसायचे आणि मग नवी वाचायचे. जीमेलचं खातं तर आमंत्रणाशिवाय मिळत नव्हतं. ते सगळ्यांना खुलं झालं २००७ मध्ये.

त्याच्याही आधी, ४ जुलै १९९६ ला, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं. कुठल्याही संगणकावरून, कुठल्याही ब्राउझरमधून आपली पत्रं वाचता येणं हीच तेव्हाची नवी सोय होती. मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या शेवटी ते विकत घेतलं. आपल्याकडे मुंबईच्या रेडिफचं रेडिफमेल जोरात होतं. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचा पहिला पत्ता तिथला.

सांगायचं ते हे, की फुकटची जागा वाढते तशी आटतेही. याहूने २०१३ मध्ये १ टीबी दिली होती, २०२५ मध्ये ती २० जीबीवर आणली. मायक्रोसॉफ्टच्या फुकट खात्यात पत्रांना १५ जीबी आहे, पण २०२३ पासून पत्रांसोबतच्या अटॅचमेंट ५ जीबीच्या क्लाउड साठ्यात मोजतात. म्हणून कुठलीही नवी सोय वापरायला घेताना मी एक प्रश्न विचारतो : उद्या ही काढून घेतली तर माझं काम माझ्या हातात राहील का?

मुद्रितशोधक_सांगली

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे पक्कं उत्तर आहे, कारण माझं पोट त्यावर आहे.

फोटो किंवा पीडीएफ ड्राइव्हमध्ये चढवा. त्यावर उजवं बटण दाबून 'यासह उघडा' मध्ये गूगल डॉक्स निवडा. नवीन डॉक्युमेंट तयार होतं, त्यात वर चित्र आणि खाली त्यातला मजकूर, सरळ युनिकोड मराठीत. पैसे नाहीत, वेगळं सॉफ्टवेअर नाही. फाइल २ एमबीच्या आत असावी, पान सरळ असावं, कागदावर सावली नको.

छापील मजकुराला हे फार छान चालतं. जुन्या दिवाळी अंकांची पानं, सोविनियर, गावाच्या इतिहासाच्या पुस्तिका, सगळं मी असंच काढलं आहे. दुसरा मोठा उपयोग जुन्या फॉन्टच्या पीडीएफला. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये जुळवलेली पीडीएफ असली की त्यातून मजकूर उचलला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी मिळते. त्या पानांचं चित्र करून या मार्गाने नेलं की स्वच्छ मराठी हातात येतं. पंधरावीस वर्षांपूर्वीचं मराठी डीटीपी साहित्य वाचवायचं असेल तर यासारखी गोष्ट नाही.

चुका ठरलेल्या जागी होतात. 'ख' चा 'रव' होतो. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. अनुस्वार पडतात, दोन स्तंभांचं पान असेल तर ओळी एकमेकींत मिसळतात. म्हणून दोन स्तंभ असतील तर कापून दोन वेगळी चित्रं करा. 'रव' शोधून एकेक तपासा, एकदम सगळीकडे बदलू नका, नाहीतर 'रविवार'चा 'खिवार' होईल.

हस्तलिखिताचं मात्र वेगळं आहे. सुटं, गोल, शाळेतल्यासारखं अक्षर असेल तर निम्म्याहून जास्त निघतं. घाईचं अक्षर असेल तर दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने टाइप केलेलं परवडतं.

गणितमास्तर

मास्तरांचाही एक शब्द. हस्तलिखितासाठी बोलून टाइप करा ना.

डॉक्समध्ये ही सोय २०१५ पासून आहे आणि गूगलच्या आवाज ओळखण्यात मराठी २०१७ मध्ये आली. क्रोममध्ये डॉक्स उघडा, 'साधने' मध्ये जाऊन बोलून टाइप करण्याचा पर्याय घ्या, माइकच्या वर भाषा निवडायची जागा येते, तिथे मराठी घ्या. मग कथा समोर धरून वाचत सुटा.

आमच्या शाळेच्या वार्षिकासाठी आठवीच्या मुलामुलींनी आजीआजोबांच्या आठवणी अशाच उतरवल्या. आजी बोलते, अक्षरं पडद्यावर उमटतात, नातू शेजारी बसून दुरुस्त करतो. बोलीतले शब्द यंत्राला कळत नाहीत. 'व्हतं' म्हटलं की कधी 'होतं' येतं, कधी भलतंच. आजीची बोली जशीच्या तशी हवी असेल तिथे हाताने बदलावं लागतं. त्या कामात मुलांनी आजीचं बोलणं इतकं नीट ऐकलं, की मला तोच मोठा लाभ वाटला.

विरामचिन्हांच्या बोली आज्ञा मराठीत चालत नाहीत, त्या इंग्रजीसारख्या मोजक्या भाषांपुरत्या आहेत. पूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्हं मागून घाला.

मुद्रितशोधक_सांगली

@गणितमास्तर, मान्य, पण कथास्पर्धेत लेखकाच्या विरामचिन्हांनाही गुण असतात. दुसऱ्याने वाचून टाइप केलेल्या मजकुरात लेखकाचा परिच्छेद, त्याचं थांबणं हरवतं. परीक्षकांना मूळ फोटो आणि टाइप केलेली प्रत दोन्ही द्या, एवढाच आग्रह.

वाचनकट्टा

दोघांचेही मनापासून आभार. आमच्याकडे १९७० नंतरचे वार्षिक अहवाल नुसते बांधून ठेवलेले आहेत. ते या मार्गाने निघतील असं आता वाटायला लागलंय. फोटो आणि प्रत दोन्ही देण्याची सूचना लगेच अमलात आणतो.

द्राक्षबाग

धाग्यातल्या एका मताला माझा विरोध आहे. 'गाजावाजावाल्या सोयी आपल्या कामाच्या नाहीत' हे मला पटत नाही.

आमचा तासगावकडे बेदाण्याचा व्यवसाय आहे. बाहेरच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार इंग्रजीत. माझं शिक्षण मराठी माध्यमातून, व्यवहार सगळा कळतो, भावही ठरवता येतो, पण 'तुमची मागणी मान्य नाही, तरी संबंध ठेवायचे आहेत' हे इंग्रजीत नेमकं कसं लिहावं हे अडतं. पूर्वी अशी पत्रं दोन दिवस पडून राहायची, भाच्याला वेळ मिळेपर्यंत. जेमिनी या गूगलच्या एआय मदतनिसाचं फुकट ॲप जून २०२४ मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं. आता मी मराठीत सांगते, इंग्रजी मसुदा घेते, मग प्रत्येक आकडा स्वतः तपासते आणि पाठवते. प्रत, ओलावा, पेटीचं वजन, पैसे कधी, हे चार मुद्दे मी मसुद्यावर सोडत नाही, ते माझ्या हाताने लिहिते.

ज्यांना इंग्रजी येतं त्यांना ही सोय म्हणजे थोडा वेळ वाचणं. मला मात्र तिने कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये एवढी मोकळीक दिली. तेव्हा तिला फालतू म्हणू नका.

सांजवात

@द्राक्षबाग, अगदी मनातलं लिहिलंत. माझ्या आईने याच पद्धतीने पेन्शनच्या कार्यालयाला पहिल्यांदा स्वतः पत्र लिहिलं.

वाचनकट्टा

@द्राक्षबाग, ही बाजू माझ्या विचारात आली नव्हती. 'एकट्याने इंग्रजीत काम करणाऱ्यासाठी' हे माझं वाक्य तुमच्या अनुभवापुढे टिकत नाही, ते मागे घेतो.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितेय. सोयींबद्दल सगळे बोललात, पण त्या बदल्यात आपली पत्रं कोण वाचतं याबद्दल कुणीच बोललं नाही.

इथे युरोपात, तसंच ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि जपानमध्ये, जीमेलच्या 'स्मार्ट' सोयी मुळात बंद असतात. हव्या असतील तर आपण चालू करायच्या. भारतात उलट आहे, चालू असतात आणि नको असतील तर आपण बंद करायच्या. सेटिंगमध्ये 'सर्वसाधारण' या पानावर खाली गेलात की सापडेल. मात्र हे बंद केलं की जाहिरातींची पत्रं वेगळ्या टॅबमध्ये जाणं, प्रवासाची तिकिटं कॅलेंडरवर आपोआप येणं अशा कामाच्या गोष्टीही बंद पडतात. सगळं एकाच गाठोड्यात बांधलंय, यावर माझा राग आहे. तिकीट ओळखायला परवानगी दिली म्हणून पत्राचा सारांश करायलाही दिली असं का धरायचं?

आयटीतला_हमाल

घाबरवू नका हो लोकांना. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'जीमेल तुमची पत्रं वापरून एआय शिकवतंय' अशी बोंब उठली होती आणि गूगलने ते स्पष्ट नाकारलं. जाहिराती ठरवण्यासाठी पत्रं चाळणं तर त्यांनी २०१७ मध्येच थांबवायचं जाहीर केलं.

ऱ्हाइनकाठ

@आयटीतला_हमाल, शिकवण्याबद्दल मी काहीच म्हटलेलं नाही, माझा प्रतिसाद पुन्हा वाचा. मुद्दा निवडीचा आहे. वाचनालयाच्या खात्यात सभासदांचे पत्ते, फोन, कुणी वर्गणी थकवली हे सगळं असतं. त्यावर कुठली सोय चालवायची हे कार्यकारिणीने ठरवावं. कारखान्यातून येताना जे चालू होतं ते चालू राहिलं, असं नको.

आयटीतला_हमाल

निवडीचा मुद्दा मान्य. कार्यकारिणीच्या सभेत पाच मिनिटं त्या सेटिंगला द्यावीत, ही सूचना चांगली आहे.

स्वदेशी_सॉफ्ट

एवढी चर्चा आणि झोहोचं नाव नाही? चेन्नईची कंपनी, १९९६ पासून काम करतेय. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल त्यांच्या यंत्रणेवर गेली आहे. संस्थेचं स्वतःचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं स्वतःचं नाव, असेल तर पाच जणांपर्यंत, प्रत्येकी ५ जीबी, फुकट. पत्त्यात संस्थेचं नाव येतं, त्याने पत्राला वजन येतं. चौघांना चार वेगळी खाती, पासवर्डचा प्रश्नच मिटला. लेखन, हिशेब, सादरीकरण, सगळं त्यांच्याकडे आहे.

खटपट्या

@स्वदेशी_सॉफ्ट, चांगला पर्याय आहे, पण डोमेनचे पैसे दरवर्षी भरावे लागतात आणि भरायचं विसरलं तर पत्ताच जातो. शिवाय त्या फुकट योजनेत पत्रं ब्राउझरमध्ये किंवा त्यांच्याच ॲपमध्ये वाचायची. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये ओढून घ्यायची तर पैसे भरावे लागतात. वाचनालयात हे दरवर्षी नेमाने बघणारं माणूस असेल तर जरूर जा.

पाणवठा

आता गूगल विरुद्ध झोहो, मग अँड्रॉइड विरुद्ध आयफोन, मग पुणे विरुद्ध मुंबई. मी चहा टाकतो.

कोकणकडा

चहा इकडेही. अवांतर : ज्यांना फार गुप्त पत्रव्यवहार करायचा आहे त्यांच्यासाठी स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल आहे, २०१४ पासून. फुकट खात्यात १ जीबीच मिळते, पण पत्रं त्यांनाही वाचता येत नाहीत अशी रचना आहे. मी वकिली कागदांसाठी वापरतो. वाचनालयाला त्याची गरज नाही.

जीमेलच्या 'गोपनीय' पद्धतीवर मात्र फार विसंबू नका. फॉरवर्ड आणि प्रिंट अडवते, पण समोरच्याने पडद्याचा फोटो काढला तर काय करणार?

मधुमालती

मी रोज वापरते त्या छोट्या सोयी सांगते, मोठमोठ्या चर्चेत राहून जातील.

पाठवलेलं पत्र मागे घेणं. ठेवलेली मुदत मुळात ५ सेकंदांची असते, सेटिंगमध्ये ती ३० करा. 'अटॅचमेंट जोडली आहे' असं लिहून न जोडलेली पत्रं त्या अर्ध्या मिनिटात वाचतात. वेळ ठरवून पाठवणं, हे २०१९ मध्ये आलं. रात्री अकराला बसून लिहिते आणि सकाळी दहाला जाईल असं ठेवते, मोठ्या माणसांना अवेळी फोन वाजायला नको. आणि जाहिरातींच्या पत्रांची एकत्र यादी, जुलै २०२५ पासून डावीकडच्या पट्टीत मिळते. कोण किती पाठवतं ते दिसतं आणि तिथल्या तिथे बंद करता येतं. गूगलने २०२४ पासून दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांना एका टिचकीत बंद करण्याची सोय देणं सक्तीचं केलं, त्याचा हा फायदा.

हिशेबनीस_वहिनी

शीट्सबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी एका गृहनिर्माण सोसायटीची खजिनदार आहे.

टेबलं, रंगीत बटणं वगैरे सुंदर आहेत, पण माझा जीव ज्या सोयीवर आहे ती म्हणजे चौकटीचा इतिहास. कुठल्याही चौकटीवर उजवं बटण दाबलं की 'संपादन इतिहास दाखवा' येतं. कुणी, कधी, कशाचं काय केलं ते दिसतं. एका सभासदाच्या थकबाकीचा आकडा बदललेला होता आणि वार्षिक सभेत आवाज चढले होते. मी लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, चौकटीवर बटण दाबलं, जुना आकडा, नवा आकडा, तारीख, वेळ सगळ्यांसमोर. धनादेश वटल्याच्या दिवशी झालेली नोंद होती, बरोबर होती. सभा पुढच्या विषयावर गेली.

पण हे तेव्हाच चालतं, जेव्हा प्रत्येक जण आपापल्या खात्यातून शीट उघडतो. चौघं एकाच खात्यातून शिरत असतील तर इतिहासात एकच नाव दिसणार. वाचनकट्टा, तुमच्या पासवर्डच्या प्रश्नाचा हा हिशेबातला भाग. शीट चौघांच्या स्वतःच्या पत्त्यांवर शेअर करा. दोघांना संपादन, दोघांना फक्त बघणं, जे ठरेल ते.

न्यूजर्सीकर

आमच्या मंडळाचं गणपतीचं सगळं नियोजन फॉर्म आणि शीट्सवर चालतं, वहिनींना अनुमोदन. फॉर्ममध्ये लोकांकडून फाइल घेता येते हेही कथास्पर्धेला उपयोगी पडेल. प्रवेशिका थेट ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये पडतात आणि नाव-पत्ता शीटमध्ये. एकच अट, फाइल जोडायची तर पाठवणाऱ्याला गूगलच्या खात्यात शिरावं लागतं. ज्यांचं खातं नाही त्यांच्यासाठी मेल आणि टपाल चालू ठेवा. आणि त्या फायली तुमच्या १५ जीबीत मोजल्या जातात.

रानवारा

एक कडू अनुभव, सेवेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न कुठल्याही सेवेवर येऊ शकतो.

आमच्या नाट्यसंस्थेचं खातं जुन्या चिटणीसांनी स्वतःच्या फोन नंबरवर उघडलं होतं. ते वारले. नवीन फोनवरून शिरायला गेलो तर कोड त्यांच्या बंद झालेल्या नंबरवर. प्रयोगांचे करार, संहितांच्या प्रती, लेखकांच्या परवानग्या, सगळं आत आणि आम्ही बाहेर. अर्ज केले, स्वयंचलित उत्तरं आली. खातं मिळालं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक संस्थेला सांगत सुटलोय. खात्याला पुनर्प्राप्तीसाठी दुसरा पत्ता आणि संस्थेच्या नावाचा नंबर द्या. दोन पायऱ्यांची पडताळणी चालू केली असेल तर जीमेलमध्ये आठ-आठ अंकांचे दहा राखीव कोड मिळतात, ते छापून संस्थेच्या कपाटात, इतिवृत्ताच्या वहीसोबत ठेवा. वापरात नसलेली दुय्यम खाती असतील तर त्यांत मधूनमधून शिरत जा, कारण दोन वर्षं कुणी फिरकलं नाही तर वैयक्तिक खातं पुसायचं असं गूगलचं धोरण आहे, डिसेंबर २०२३ पासून ते लागू आहे. आणि वर्षातून एकदा गूगलची 'टेकआउट' ही सोय वापरून सगळ्या खात्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुना_जाणता यांनी विचारलेल्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

जुना_जाणता

@रानवारा, वाचून वाईट वाटलं. संहितांच्या प्रती लेखकांकडून परत जमवता आल्या का?

रानवारा

काही आल्या. दोन लेखक हयात नाहीत, त्यांच्या घरच्यांकडे शोध चालू आहे. मुद्रितशोधक यांनी सांगितलेला मार्ग त्या पिवळ्या पडलेल्या चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) प्रतींवर चालेल का, हे विचारायचं होतं.

मुद्रितशोधक_सांगली

@रानवारा, चक्रमुद्रित अक्षर टंकलेखनयंत्राचं असतं, सुटं आणि एकसारखं, त्यामुळे आशा आहे. कागदाचा पिवळेपणा घालवून काळं-पांढरं चित्र करा, मोबाइलच्या स्कॅनमध्येच तो पर्याय असतो. दोन पानं मला पाठवा, करून दाखवतो.

टपालखातं

पासवर्डच्या प्रश्नाला खरं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून लिहितो. जीमेलमध्ये 'प्रतिनिधी' नेमण्याची सोय आहे आणि ती फुकट खात्यालाही आहे. ही नवी नाही, कित्येक वर्षांपासून आहे.

संगणकावर सेटिंगमध्ये खात्यांच्या पानावर 'तुमच्या खात्यात प्रवेश द्या' असं येतं. तिथे सहकाऱ्याचा जीमेल पत्ता घाला. त्यांना पत्र जातं, त्यांनी होकार दिला की थोड्या वेळाने, कधीकधी दुसऱ्या दिवशी, प्रवेश मिळतो. मग ते स्वतःच्या पासवर्डने स्वतःच्या खात्यात शिरतात आणि उजवीकडच्या आपल्या चित्रावरून वाचनालयाच्या खात्यात जातात. पत्रं वाचता येतात, पाठवता येतात, पुसताही येतात. पासवर्ड मात्र बदलता येत नाही. पाठवलेल्या पत्रावर प्रतिनिधीचा पत्ताही दिसावा की नुसता वाचनालयाचा, हे आपण ठरवायचं. वैयक्तिक खात्याला असे दहा प्रतिनिधी चालतात.

मूळ पासवर्ड एकाकडे किंवा बंद पाकिटात कपाटात. झोहोवर न जाता, एक पैसा न भरता काम होतं.

खटपट्या

@टपालखातं, हे मलाही माहीत नव्हतं. धन्स!

स्वदेशी_सॉफ्ट

चांगली माहिती. तरी स्वतःच्या डोमेनचं माझं म्हणणं कायम :)

वाचनकट्टा

मंडळी, काय आणि किती दिलंत!

काल सायंकाळी वाचनालयात बसून कामाला लागलो. दोघं प्रतिनिधी म्हणून जोडले गेले, तिसऱ्यांच्या होकाराची वाट बघतोय. पासवर्ड बदलला. राखीव कोड छापून दाखलखारिज नोंदवहीच्या कपाटात ठेवले आणि तसं इतिवृत्तात लिहिलं. १० एमबीच्या वरच्या पत्रांमध्ये बॅनरच्या फायलीच फायली निघाल्या, त्या डिस्कवर उतरवल्या. स्मार्ट सोयींचं सेटिंग पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलंय. १९७२ च्या अहवालाचं एक पान डॉक्समध्ये उघडून बघितलं. 'लेखक' चा 'लेरवक' झाला होता, बाकी जवळजवळ सगळं सुरेख. अध्यक्षांनी ते पान उभं राहून वाचलं, त्यात त्यांच्या वडिलांचं देणगीदारांत नाव होतं.

एक शंका राहते. प्रतिनिधी नेमलेल्या सदस्याची मुदत संपली, निवडणूक होऊन नवीन कार्यकारिणी आली, तर काय करायचं? त्यांनी पाठवलेली पत्रं जातील का?

टपालखातं

नाही जाणार. पत्रं वाचनालयाच्या खात्यातच असतात. मूळ खात्यातून त्यांचं नाव 'हटवा' केलं की त्यांचा प्रवेश बंद, बाकी सगळं जागच्या जागी. कार्यभार सोपवण्याच्या यादीत किल्ल्या, शिक्का, चेकबुक असतं ना, त्यातच 'मेलचा प्रतिनिधी बदलला' अशी ओळ घाला.

हिशेबनीस_वहिनी

आणि शीट्सची मालकीही तपासा. जी शीट एखाद्याने स्वतःच्या खात्यात तयार केली असेल तिचा मालक तोच राहतो. शेअरच्या खिडकीतून मालकी वाचनालयाच्या खात्याकडे करून घ्या, तो माणूस कार्यकारिणीत आहे तोवरच.

वाचनकट्टा

घेतलं यादीत. जमाखर्चाची शीट आमच्या माजी खजिनदारांच्या खात्यात आहे हे आत्ता बघितलं. त्यांना फोन केलाय, संध्याकाळी वाचनालयात येतायत.